मी पैशाचं कुठं विचारलं?

भाऊबीजेला ओवाळून झालं होतं. ताम्हनात दोनशेची कोरी नोट, पाटावर अनारशांची सांडलेली खसखस, आणि ओट्यावर औषधाचा उग्र वास. द्राक्षांची गोडी छाटणी होऊन पंधरा दिवस झालेले, फवारण्या सुरू. त्या दिवसांत दादाच्या हातांचा वास कुठल्याच साबणाने जात नाही. आमच्या ओट्यावरून उसाच्या फडापलीकडे पाहिलं की खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या दोन तबकड्या दिसतात. तबकड्या हा शब्द मी शाळेत फळ्यावर लिहिते. घरात त्यांना सगळे छत्र्याच म्हणतात. वाऱ्याने उलटी झालेली छत्री जशी दिसते ना, तशा. त्या संध्याकाळी दोघींचीही तोंडं एकाच बाजूला कललेली होती. दादा सुपारी कातरत बसला होता. वर न बघताच म्हणाला, "तुझ्या छत्र्यांनी आमची रेल्वे घालवली बघ, मास्तरीणबाई."

रागाने नव्हता म्हणाला. पाऊस लांबला, टोमॅटो पडला, असं आपण म्हणतो त्याच सुरात. पण मी सरसावून बसले. अंतराळावर खर्च का करायचा, या विषयावर मी गेली कित्येक वर्षं शाळाशाळांतून बोलत आले आहे, त्यामुळे उत्तर जिभेवर तयारच असतं. म्हटलं, दादा, अख्ख्या देशाच्या अंतराळ खात्याचं बजेट वर्षाला साधारण १३,००० कोटी. १४० कोटी माणसांत वाटून बघ, माणशी शंभर रुपयेसुद्धा होत नाहीत. स्टँडवर दोन मिसळी येतात का तेवढ्यात? मग वादळांवर गेले. १९९९ ला ओडिशात किती माणसं मेली, जवळजवळ दहा हजार. आणि २०१३ ला फायलिन आलं तेव्हा उपग्रहांनी आधीच दाखवलं, लाखो लोक हलवले, मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. मग मंगळयान, साडेचारशे कोटी. मग मासेमारी, मग हवामान, मग तुझ्याच फवारणीचं वेळापत्रक कुणाच्या भरवशावर ठरतं ते सांग. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अडकित्ता खाली ठेवला.

"मी पैशाचं कुठं विचारलं?"

तेवढ्यात वहिनीने जेवायला हाक मारली आणि विषय तिथेच राहिला. म्हणजे ओट्यावर राहिला. माझ्याबरोबर मात्र तो पुण्याच्या गाडीत बसला, राजगुरुनगरला वाहतुकीत अडकला, चाकणला पाऊण तास अडकला, आणि घरी आल्यावर मी चपला काढत असतानाही शेजारी उभाच होता.

एक गंमत तर मला त्या चाकणच्या कोंडीतच कळली. मी दादाला ज्या खात्याचं बजेट माणशी वाटून दाखवलं, त्या खात्याची ती दुर्बीण नाहीच. ती टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्राची, म्हणजे पैसे अणुऊर्जा खात्याकडून. शेजारचं आयुका, खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र, तेही विद्यापीठ अनुदान आयोगाने उभं केलेलं. हे मला माहीत नाही असं थोडंच आहे? मुलांना मीच सांगते. पण विज्ञानाची बाजू घ्यायची वेळ आली की माझ्या तोंडून इस्रोच बाहेर पडतं, कारण तिथे आकडे गोजिरे आहेत. स्वस्त यान, यशस्वी यान, टाळ्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये विक्रम चंद्रावर उतरला आणि महिनाभरात गणपती आले, तेव्हा पुण्यात कुठेही जा, थर्माकोलचं चंद्रयान. आमच्या गल्लीतल्या मंडळाने तर धूर सोडायचं यंत्र भाड्याने आणलं होतं. त्या वर्षी वर्गणीला कुणी कुरकुर केली नाही. करालाही मी वर्गणीच म्हणते, मुलांना ते पटकन समजतं. आपण सगळ्यांनी मिळून काढलेली वर्गणी, फक्त पावतीपुस्तक घेऊन दारात कुणी येत नाही.

अमेरिकेत लोक आपल्या खासदाराला पत्रं लिहितात, अमुक यानाचे पैसे कापू नका म्हणून. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी १९८० मध्ये त्यासाठी लोकांची एक संस्थाच काढली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार हेवा वाटला होता. आपल्याकडे कुणी आपल्या खासदाराला दुर्बिणीसाठी पत्र लिहिलंय, असं माझ्या पाहण्यात नाही. मी तरी कुठे लिहिलं? मी शाळाशाळांतून बोलत फिरले. आणि इतकी वर्षं बोलून एकाही माणसाने मला दादासारखं अडवलं नव्हतं. विचारलं जायचं ते नेहमी पैशाचंच: गरिबी आहे, खड्डे आहेत, मग हे कशाला? त्याला माझ्याकडे चोख उत्तर आहे. इतकं चोख, की समोरच्याने काय विचारलंय हे ऐकायची गरजच उरत नाही.

नारळीकर सरांचं एक सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. मुलं सही मागायला आली की ते देत नसत. म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल. आधी प्रश्न, मग उत्तर, मग सही. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा मी आठवीच्या वर्गात हीच गोष्ट सांगितली आणि घसा दाटला. आणि पाच महिन्यांनी माझ्या सख्ख्या चुलतभावाने माझ्यापुढे प्रश्न ठेवला, तर मी तो न वाचताच उत्तराखाली सही ठोकून मोकळी झाले.

दादाचा प्रश्न काय होता, ते नीट सांगते. पुणे ते नाशिक सरळ रेल्वे नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत आहे. ती होणार होती. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा २३५ किलोमीटरचा वेगवान मार्ग आखला होता; मोजण्या झाल्या, काही ठिकाणी जमिनींची खरेदीसुद्धा झाली. मग दुर्बिणीला बाधा येईल असं पुढे आलं आणि केंद्राने तो मार्ग बाजूला ठेवला. आता अहिल्यानगर, शिर्डीकडून वळसा घालून न्यायचं चाललं आहे. दादाचा धाकटा चाकणला कंपनीत आहे. तिथे खोली घेऊन राहतो, शनिवारी रात्री मोटारसायकलवर घरी येतो, सोमवारी पहाटे साडेचारला निघतो. ती मोटारसायकल ओट्याखालून गेली की वहिनी पुन्हा झोपत नाही. पाऊण तासाने "पोचलो" असा मेसेज येईपर्यंत ती चुलीशी काहीतरी करत राहते. गॅस आहे घरात, पण त्या वेळी तिला चूल लागते.

आता दुर्बिणीची बाजू. तीही मलाच सांगायची आहे, कारण ती मला पाठ आहे आणि मनापासून पटलेली आहे. खोडदची दुर्बीण बघत नाही, ऐकते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. चौदा एका जागी दाटीने, बाकी सोळा तीन दिशांना पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत २५ किलोमीटर. ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तबकडी पत्र्याची न करता बारीक तारेच्या जाळीची केली. जाळीची घरं एक-दोन सेंटीमीटरची, आणि जी रेडिओलहर झेलायची ती हातभर, कधी दोन-दोन मीटर लांब. त्या लहरीला ती भोकं दिसतच नाहीत. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि म्हणून खर्च कमी. जगातल्या लोकांनी येऊन बघावं असं हे डोकं होतं आणि लोक येऊन बघतातही. पण ही जाळी जे झेलते ते इतकं क्षीण असतं की बोलायची सोय नाही. चंद्रावर कुणी मोबाइल चालू ठेवला, तर रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातल्या सगळ्यात ठळक गोष्टींपैकी एक वाटेल. आणि विजेची रेल्वे म्हणजे २५,००० व्होल्टच्या तारेला घासत जाणारा टपावरचा सांगाडा, पेंटोग्राफ. तिथे ठिणगी उडाली की ती सगळ्याच लहरींवर एकदम कडाडते. घराघरातल्या रेडिओवर मिक्सरची खरखर यायची, तशी. इकडे तुम्ही आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला, म्हणजे दूरदूरच्या आकाशगंगांमधला, हायड्रोजन ऐकायला बसलेले (खोडदने तो खरंच ऐकला, २०२० मध्ये, हजारो दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून) आणि तिकडून नाशिक फास्ट.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती २०१६ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. युरोपचं शियापरेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं. उतरताना ते जो बारीक संकेत सोडत होतं, तो पृथ्वीवर खोडद ऐकत होतं. आमच्या उसापलीकडच्या छत्र्या! हवेत शिरल्याचं कळलं, पॅराशूट उघडल्याचं कळलं, आणि मग जमिनीला टेकायच्या थोडं आधी संकेत थांबला. यान आदळलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सांगितलं तर एका मुलीने विचारलं, "म्हणजे त्याचं शेवटचं बोलणं आपल्या इथे ऐकू आलं?" मी हो म्हटलं. आपल्या इथे.

पण 'आपल्या इथे' म्हणजे कुणाच्या इथे?

मी पुण्यात राहते. विद्यापीठाच्या आवारात आयुका आहे, शेजारी दुर्बीण चालवणारं ते टाटा संस्थेचं रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. शाळेच्या मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं, विज्ञान दिनाला रांगा, टिळक स्मारक मंदिरात १९४४ पासूनची हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था. आकाशाचं जे काही गोड आहे ते आम्हाला रिक्षाच्या अंतरावर मिळतं. आणि ते मिळावं म्हणून जी शांतता लागते ती जुन्नर तालुक्यातून येते. कारखाना काढायचा तर परवानगी, मोबाइलचा टॉवर उभा करायचा तर विचारणा, आणि आता रेल्वे. हीसुद्धा वर्गणीच झाली की. फक्त ती पैशात नाही, म्हणून माझ्या माणशी शंभर रुपयांच्या हिशेबात ती कधी आलीच नाही. तो हिशेब सगळ्यांत सारखा वाटतो. शांतता अशी सारखी वाटता येत नाही. ती ज्याच्या शिवारात छत्री आहे त्याच्याच नावावर पडते.

एक कबुली देऊन टाकते. हवाईतल्या मौना केआ डोंगरावर तीस मीटरची दुर्बीण उभारायची होती. भारतही त्यात भागीदार, आणि पुण्याचं आयुकाही. तिथल्या मूळ लोकांनी, डोंगर आमचा पवित्र आहे म्हणून, २०१५ ला रस्ता अडवला, २०१९ ला पुन्हा अडवला. रस्त्यात खुर्च्या टाकून बसलेल्या म्हाताऱ्या बायकांचे फोटो आले होते. मी तेव्हा जे बोलले होते ते आता लिहायची लाज वाटते. अडाणीपणा, हा त्यातल्या त्यात सौम्य शब्द. त्या बायकांपैकी एखादी वहिनीसारखी पहाटे चूल पेटवून बसत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. उलट पश्चिम ऑस्ट्रेलियात जो अवाढव्य दुर्बिणींचा समूह उभा राहतो आहे, ज्यात आपणही १,२५० कोटी घालायचं ठरवलं आहे, तिथे जमिनीच्या मूळ मालकांशी, वाजारी लोकांशी, २०२२ मध्ये रीतसर करार झाला. त्या जागेला त्यांच्या भाषेतलं नाव दिलं, आणि त्याचा अर्थ आकाश आणि तारे वाटून घेणं असा आहे. तिथे वस्ती विरळ आहे, आपल्यासारखी शिवाराला शिवार लागून नाही, हे सगळं खरं. तरी कुणीतरी ओट्यावर जाऊन बसलं, विचारलं.

मग रेल्वे कुठून जायला हवी होती? हा प्रश्न मी स्वतःला रात्री अनेकदा विचारला आणि दरवेळी उत्तर एकच आलं. ती वळवली हे बरं झालं, असंच मला वाटतं. अशी दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही. रूळ नेता येतात. हे वाक्य मी इथे, सदाशिव पेठेतल्या टेबलावर बसून, बेधडक लिहू शकते. दादाच्या ओट्यावर ते माझ्या तोंडून निघणार नाही. मला दुर्बीण हवी आहे आणि साडेचारची मोटारसायकल मला नको आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या, ते माझ्या कुठल्याच भाषणात नाही.

दुर्बीण उभी राहत होती तेव्हाचं मला तुटक आठवतं. मी सातवी-आठवीत असेन. ट्रक यायचे, मोठमोठे लोखंडी सांगाडे आडवे पडलेले असायचे आणि आम्ही शाळेतून येताना त्यांच्या आतून वाकून जायचो. लोखंड तापलेलं असायचं, हात लावला की चटका. वडील म्हणायचे, सरकार आभाळाला चाळणी लावतंय. गावातली बरीच पोरं तिथे रोजावर जायची. दादा त्या वर्षी बारावीला नापास झाला होता आणि घरात तोंड चुकवत फिरत होता. तोही काही महिने जात होता, जाळी ताणायच्या कामाला. संध्याकाळी आला की हाताच्या बोटांवर बारीक-बारीक कापलेल्या रेघा असायच्या, आणि काकू त्यावर हळद दाबायची. पहिल्या पगाराच्या पैशातून त्याने मला कंपासपेटी आणली होती. हे मी इतकी वर्षं विसरले होते, असं म्हणणं खोटं ठरेल. लक्षात होतं, पण दुर्बिणीच्या गोष्टीत ते बसवायचं मला सुचलं नव्हतं. माझ्या गोष्टीत गोविंद स्वरूप होते, हायड्रोजन होता, शियापरेली होतं.

यंदा अठ्ठावीस फेब्रुवारीला नेहमीप्रमाणे शाळेची बस घेऊन खोडदला गेले. विज्ञान दिनाला तिथे जत्राच असते. जुन्नर-आंबेगावच्या शाळांची पोरं आपापली मॉडेलं मांडून घसा फोडून समजावत असतात. बाहेर उसाचा रस, भेळ, द्राक्षांच्या पाट्या. मी आदल्या दिवशी दादाला फोन केला, नातीला घेऊन ये म्हणून. येतो म्हणाला नाही, पण आला. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट. फाटकापाशी एक विद्यार्थी सगळ्यांना फोन बंद करायला सांगत होता. दादाने खिशातून फोन काढला, टोमॅटोचे भाव एकदा बघून घेतले आणि बटण दाबून धरलं. पडदा काळा होईपर्यंत त्याकडे बघत राहिला. मग पोराला म्हणाला, "एवढ्याशानं काय होतं रे?" पोराने उत्साहाने तो चंद्रावरच्या मोबाइलचा दाखला दिला. दादा म्हणाला, "चंद्रावरचं ऐकू येतं होय? आम्ही तर हितंच बोलतोय की." पोरगा हसला, आणि मग त्याला कळेना, पुढे काय बोलावं. मी मधे पडले नाही. जीभ चावून गप्प राहिले.

आम्ही आतल्या एका तबकडीखाली जाऊन उभे राहिलो. खालून ती आभाळाएवढी दिसते आणि जाळीतून खरं आभाळही दिसतं, त्यामुळे कुठलं कुठे संपतं ते कळत नाही. नात विचारत होती, हिच्यात पाऊस साठतो का? मुलं गलका करत होती. मधेच घर्र असा आवाज आला आणि तबकडी वळायला लागली, इतकी हळू की सावलीकडे बघितलं तरच समजावं. सावलीची कड दादाच्या चपलांवरून सरकून पुढे गेली. तो मान वर करून बघत होता. टोपी एका हाताने धरलेली, डोळे बारीक केलेले. द्राक्षाच्या मांडवाची तार बघतो तसा.

"पस्तीस वर्षं होत आली गं," तो म्हणाला. "तार अजून ताठ आहे."

मग फोन चालू करायला तो फाटकाकडे निघाला. जाता जाता मागे वळून म्हणाला, "पोरांना घेऊन लवकर नीघ. शनिवार आहे, चाकणला अडकशील."